टेन्शनचा बीपी, पहाटे तीनची जाग आणि बंद केलेली गोळी

प्रश्न : आम्ही राळेगाव तालुक्यातले. साडेपाच एकर वावर आहे, कपाशी, सोयाबीन अन् तूर. माझ्या मिस्टरांचं वय ४३. दोन महिन्यांपासून त्यांची छाती धडधडते, पोटात जळजळ होते, रात्री तीन वाजता जाग येते अन् मग झोपच लागत नाही. आठवड्यातून काही रात्री जागलीलाही, म्हणजे पीक राखायला वावरात, जावं लागते. चिडचिड वाढली, लेकरांवर ओरडतात. तालुक्याला दाखवलं. ईसीजी नॉर्मल निघाला, बीपी १५४/९६ होता. डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली अन् म्हणाले, टेन्शन घेऊ नका. गावातले म्हणतात हा टेन्शनचा बीपी आहे, टेन्शन गेलं की उतरते, गोळी एकदा लागली की जन्मभर सुटत नाही. म्हणून त्यांनी पंधरा दिवसांत गोळी बंद केली. टेन्शन तर आहेच : बँकेचं कर्ज, कृषी केंद्राची उधारी, पोरीची बारावी. ते कमी कसं करायचं? माझंही डोकं रोज दुखते, पण ते सोडा.

उत्तर : ताई, तुमचं डोकं मी सोडणार नाही, पुढे त्याच्यावर येतोच. आधी गोळीचं बघू. बाकीच्या गोष्टींना चार दिवस इकडेतिकडे चालतील, गोळीला नाही.

‘टेन्शनचा बीपी’ असा वेगळा कुठला बीपी नसतो. दाब कर्जाने वाढलेला असो की मिठाने, किडनीचं, डोळ्याच्या पडद्याचं, मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं नुकसान तेवढंच. तो १४०/९० च्या वर टिकून राहत असेल तर उतरवावाच लागतो. टेन्शन संपल्यावर बघू म्हणायचं, तर कास्तकाराच्या घरी ते संपायचं कधी? कापूस निघाला की भावाची काळजी, भाव मिळाला की हप्त्याची, हप्ता गेला की पेरणीची.

आणि ‘लागली की सुटत नाही’ हे गावोगावी ऐकू येतं, म्हणून जरा स्पष्ट बोलतो. बीपीच्या गोळीची सवय लागत नाही. बहुतेकांचा बीपीच कायमचा मुक्कामाला आलेला असतो, म्हणून गोळी चालू ठेवावी लागते. वजन उतरलं, मीठ कमी झालं, तंबाखूचा खर्रा सुटला, झोप सुधारली तर डॉक्टर डोस कमी करतात, काहींची गोळी बंदही करतात. ती बंद करायची मोजून, पारावर ठरवून नाही. ज्यांनी लिहून दिली त्यांना एकदा भेटा आणि पुन्हा सुरू करा. पायावर सूज आली, चक्कर आल्यासारखं झालं तर तसं सांगा. बीपीच्या गोळ्या अनेक प्रकारच्या आहेत, बदलून मिळते. पैशांची अडचण असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आता ज्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथे, या गोळ्या फुकट मिळतात.

मात्र १५४/९६ हा एकच आकडा. तो कसा घेतला गेला असेल याचा मला अंदाज आहे. बाजाराचा दिवस, ऑटोत कोंबून आलेला माणूस, गालात खर्रा, तासभर रांगेत ताटकळलेला. नंबर लागला की स्टुलावर बसतो, शर्टाची बाही दंडावर घट्ट गुंडाळतो आणि मशीन चालू असतानाच ‘डॉक्टर, आता परतीची एसटी चुकते वाटते’ असं सांगत राहतो. असा दाब दहा-वीस अंकांनी सहज वर दिसतो. म्हणून घरी मोजा. मनगटाचं नको, दंडाला लावायचं मशीन हवं. मोजायच्या आधी अर्धा तास चहा नाही, खर्रा नाही. खुर्चीला पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पाच मिनिटं गुपचूप बसायचं आणि मग मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं. सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. सगळं वहीत लिहा. घरी घेतलेल्या आकड्यांची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर तो खरा बीपी समजायचा. मशीन नसेल तर उपकेंद्रात वेगवेगळ्या दिवशी जाऊन मोजून आणा. ती वही डॉक्टरांपुढे ठेवली की गोळीचा निर्णय अंदाजावर राहत नाही.

आता ‘टेन्शन घेऊ नका’. हे वाक्य आम्ही डॉक्टर लोक दिवसातून किती वेळा बोलतो त्याला हिशेब नाही. त्याने कुणाचं टेन्शन गेल्याचं मात्र मी पाहिलं नाही. माणूस घरी जाऊन आणखी एका गोष्टीचं टेन्शन घेतो, की मला टेन्शन न घेणं जमत नाही. तुमच्या यजमानांना जे होतंय ते मनाचा कमकुवतपणा नाही. शरीरात एक ठरलेली यंत्रणा आहे, ती चालू झाली आणि बंद व्हायला तयार नाही, एवढंच.

विहिरीवरच्या मोटरला ऑटो लावून ठेवतात ना, लाइन आली की मोटर सुरू, पाण्याची गरज असो की नसो, तसंच हे. धोका दिसला की किडनीच्या वर बसलेल्या छोट्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रिनॅलिन सोडतात. हृदय जोरात पळतं, दाब वाढतो, श्वास उथळ होतो, रक्त पोटाकडून हातापायांकडे वळतं. पाठोपाठ कॉर्टिसॉल येतं, ते साखर वाढवतं आणि शरीराला जागं ठेवतं. समोर रानडुक्कर आलं तर हे सगळं कामाचं आहे. पळालात, वाचलात, दहा-वीस मिनिटांत सगळं खाली बसतं. बँकेच्या नोटिशीपुढून पळता येत नाही. ती घडी करून खिशात असते, उशाशी असते. मोटर चालूच राहते. हान्स सेल्ये नावाच्या शास्त्रज्ञाने १९३६ साली उंदरांवरचं एक निरीक्षण छापलं. उंदरांना त्रास कशाचाही असो, थंडीचा, जखमेचा की विषाचा, शरीर सारखंच वागत होतं : अ‍ॅड्रिनल ग्रंथी फुगलेल्या आणि जठरात व्रण. पोटातली जळजळ आणि डोक्यातली काळजी यांचं नातं असं जुनं आहे. माणसाच्या अल्सरची मुख्य कारणं पुढे वेगळी सापडली, एक जंतू आणि दुखण्याच्या गोळ्या, ते वेगळं. पण जळजळ वाढवायला काळजी पुरेशी आहे.

आणि हे वर्षानुवर्षं चाललं तर हृदयापर्यंत जातं. २००४ मध्ये ५२ देशांतल्या रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, भारतातले रुग्णही त्यात होते. हृदयविकाराच्या झटक्याशी जोडलेल्या नऊ मुख्य गोष्टी त्याने मांडल्या. तंबाखू, बीपी, साखर, चरबी यांच्याबरोबर मनावरचा ताणही त्या यादीत होता.

पण ताई, हे सगळं खरं असूनही ‘टेन्शन आहे’ हे निदान मला फार लवकर केलेलं आवडत नाही. खेड्यात या एका शब्दाखाली बरंच काही गाडलं जातं. धडधड थायरॉइड वाढल्यानेही होते, रक्त कमी असल्यानेही, साखर खालीवर झाल्यानेही. तुमच्या यजमानांची एकदा हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करून घ्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा दुपारी वावरात धडधड, चक्कर, मळमळ झाली तर ते ऊन असतं. सावली, पाणी, मीठ-साखरेचं पाणी आणि तरी उतरलं नाही तर दवाखाना. फवारणीच्या दिवसांत तर जास्तच जपा. फवारून आल्यावर घाम सुटला, तोंडाला पाणी सुटलं, डोळ्यांपुढे धूसर झालं, पोटात मुरडा आला, दम लागला तर ती विषबाधा समजा. कपडे काढून साबणाने अंग धुवायचं आणि औषधाची बाटली सोबत घेऊन सरकारी दवाखाना गाठायचा. २०१७ च्या हंगामात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने शेकडो माणसं दवाखान्यात पडली, कितीतरी दगावली. त्या जिल्ह्यात कुणी अशा घामाला ‘घाबरला असेल’ म्हणू नये.

एक ईसीजी नॉर्मल आला म्हणून पुढच्या प्रत्येक दुखण्याला गॅस म्हणायचं नाही, हेही लक्षात असू द्या. छातीत मध्यभागी जड दाबल्यासारखं होणं, ते डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाणं, गार घाम, दम, चालल्यावर वाढणं आणि बसल्यावर कमी होणं, यातलं काही असेल तर सोडा पिऊन वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. शुगर असलेल्या माणसाला छातीत दुखत नाही आणि नुसता घाम आणि दम येतो, तेही पाहिलेलं आहे.

आता तुमचं डोकं. ‘ते सोडा’ असं म्हणणाऱ्या बाया माझ्या ओपीडीत रोज असतात. नवऱ्याला दाखवायला आलेल्या, त्याच्या मागे उभ्या, शेवटी उठता उठता बोलणाऱ्या : ‘डॉक्टर, माझं बी डोस्कं दुखून राहिलं, एखादी गोळी असन तं द्या.’ हात पुढे घेऊन डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली की आतला रंग कागदासारखा फिका दिसतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय निघाला. रोज डोकं दुखणं, चढ चढताना धाप, हातापायांत ताकद नसणं हे त्याचंच रूप असू शकतं. शिवाय विदर्भात सिकलसेल आहे, आईबापांकडून लेकरांत येणारा रक्ताचा आजार. तपासणी झालेली नसेल तर करून घ्या, पोरीचीही, तिच्या लग्नाच्या गोष्टी निघायच्या आत. सिकलसेल नाही आणि लोह कमी आहे असं दिसलं तर गोळ्या मिळतील. त्या चहासोबत घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेल्या वरण-भाकरीनंतर घ्या. पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर ते लाजून लपवायचं नाही. रक्त वाढवायच्या गोळ्या एका बाजूने आणि गळती दुसऱ्या बाजूने, असं चालत नाही.

आणि स्वतःचाही बीपी मोजा. चष्म्याचा नंबर पाहा. डोकेदुखीची गोळी किती वेळा घेता ते आठवा. महिन्यात दहा-पंधरा दिवसांहून जास्त घेतली तर गोळीच डोकेदुखी ओढून आणते. कापूस वेचताना दिवसभर वाकलेली मान आणि सकाळचा घोटभर चहा सोडला तर दुपारपर्यंत पोटात काही नाही, एवढं कारण कित्येकींना पुरतं. सकाळी वावरात निघायच्या आधी अर्धी भाकर खाऊन निघा. सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर खाऊ, ही सवय मोडायला घरातल्या माणसाने म्हणायला हवं, पण तोवर तुम्ही थांबू नका.

आता यजमानांची रात्रीची तीनची जाग. ही तक्रार मी फार बारकाईने विचारतो, कारण तिच्यामागे पाच-सहा निरनिराळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा.

पहिला प्रश्न दारूचा, आणि तो तुमच्या पत्रात नाही म्हणून मीच विचारतो. संध्याकाळी घेतलेली दारू झोप आणते खरी, पण चार-पाच तासांत तिचा अंमल उतरला की मेंदू उलट जास्त चेतलेला असतो. दोन-तीन वाजता घाम फुटून, धडधडून जाग येते. माणूस म्हणतो टेन्शनने जाग येते, म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी घेतो. वर्ध्यात दारूबंदी आहे, यवतमाळात नाही, पण ओपीडीतली गोष्ट दोन्हीकडे सारखीच. रोज घेणारा असेल तर एका दिवसात स्वतःच्या मनाने तोडू नका, हातपाय थरथरणं, झटका, भ्रम असं काहीही होतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा.

लघवीला उठतात का? दोन-तीनदा उठत असतील तर साखर तपासा. जोरात घोरतात, मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो आणि दिवसा बसल्या जागी डुलकी लागते? मग तो झोपेतला श्वासाचा आजार असू शकतो, त्यानेही बीपी वाढतो आणि गोळ्यांना दाद देत नाही. यातलं काही नसेल तर उरते जागल आणि काळजी.

जागलीचं दुखणं शहरातल्या पुस्तकात सापडत नाही. तुरीत रोही, म्हणजे नीलगाय, शिरते, हरभऱ्यात डुक्कर. रब्बीत लाइनची पाळी रात्रीची आली की पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं. माळ्यावर बसलेला माणूस टॉर्च मारत, डबा वाजवत, अर्धवट डोळा लावत रात्र काढतो आणि सकाळी पुन्हा कामाला. अशा माणसाला ‘रोज दहाला झोपा, सहाला उठा’ सांगणं म्हणजे थट्टा आहे. त्याला जमेल ते सांगतो. शेजारच्या वावरवाल्याशी बोलून रात्री वाटून घ्या, एकाने दोघांचं राखायचं. सलग तीन रात्री कुणीच जाऊ नये. जागलीच्या दुसऱ्या दिवशी जेवणानंतर तास-दीड तास झोपायचं, अंधाऱ्या खोलीत, मोबाइल बाहेर ठेवून. पण तीनच्या आत उठायचं, नाहीतर रात्रीची झोप जाते. जागलीवर जागं राहायला रात्रभर चहा आणि खर्रा चालतो, तो बारानंतर थांबवा. चहातल्या कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनीही अंगात असतो. ज्यांना सौर कुंपण किंवा सौर पंप परवडेल, योजनेत नंबर लागेल, त्यांनी ते झोपेसाठीसुद्धा करावं असं मी म्हणतो. हे ऐकून लोक हसतात. मी मात्र बीपीच्या इलाजात धरतो.

जागल नसलेल्या रात्रीही तीनला जाग येत असेल तर घड्याळ पाहायचं नाही आणि मोबाइल हातात घ्यायचा नाही. पहाटेकडे कॉर्टिसॉल आपोआप चढू लागतं, त्यामुळे त्या वेळेला मनात आलेली प्रत्येक गोष्ट आहे त्याहून मोठी दिसते. कर्जाचा आकडा दुपारीही तोच असतो, पण तीनला छातीवर बसतो. अंदाजे वीस मिनिटांत झोप आली नाही तर खाटेवर तळमळत राहू नये. उठून ओसरीत बसावं, पाणी प्यावं, झोप डोळ्यांवर आली की परत आडवं व्हावं. खाट आणि तळमळ यांची सांगड तुटली पाहिजे.

त्या वेळेला श्वासाचा उपाय उपयोगी पडतो. आपल्याकडे प्राणायाम म्हटलं की लोक भसाभस भस्त्रिका करतात. बीपीवाल्याने आणि धडधड असलेल्याने ती करू नये. संथ करा. एक हात पोटावर, नाकाने चार अंक मोजत श्वास आत, पोट फुगलं पाहिजे, छाती नाही. मग सहा अंक मोजत सावकाश बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. श्वास सोडताना हृदयाची गती कमी होते, ते काम व्हेगस नावाच्या मज्जातंतूचं आहे, म्हणून बाहेरचा श्वास लांब ठेवायचा. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, बांधावर बसूनही चालतं. पहिल्या आठवड्यात काही वाटणार नाही. ज्यांना एकटं बसणं जमत नाही ते संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला जातात आणि त्यांचं काम तिथे होतं. सुरात म्हटलं की श्वास आपोआप लांबतो, शिवाय चार माणसांत बसणं होतं. देव मानायचा की नाही तो ज्याचा त्याचा प्रश्न.

खर्ऱ्याबद्दल मी जरा कडक आहे. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीवर घोटलेली पुडी, दिवसाला पाच-सहा. ‘खर्रा खाल्ला की डोकं शांत होते’ हे खरं वाटतं, कारण निकोटिन उतरल्याने जी बेचैनी आलेली असते ती पुढच्या पुडीने जाते. बेचैनी पुडीनेच आणलेली असते. प्रत्येक पुडीने नाडी आणि दाब वाढतो, सुपारीने तोंड आखडतं, जळजळही वाढते. सोडताना पहिले तीन-चार दिवस सर्वांत वाईट, चिडचिड दुप्पट होते. तेव्हा घरच्यांनी ‘यापेक्षा खाल्लेला बरा’ म्हणायचं नाही. एकदम जमत नसेल तर सकाळी उठल्याबरोबरची पुडी आधी तोडायची, ती सर्वांत घट्ट असते.

मिठाचा विचार भाजीपुरता करू नका. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत सांगते, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा, सगळ्या दिवसाचं मिळून. आपल्या ताटात ते लोणच्यात, पापडात, ठेच्यात, चिवड्यात आणि भज्यांत असतं. भाकरीच्या पिठातलं आणि वरून घ्यायचं मीठ बंद केलं तरी बराच फरक पडतो. वावरात काम करतो म्हणजे व्यायाम झाला, हेही अर्धंच खरं. वाकून निंदणं आणि सलग चालणं यांत फरक आहे. सोयाबीन निघाल्यावर महिनाभर बसून असणाऱ्याने रोज अर्धा तास झपझप चालावं.

आणि कृपा करून मेडिकलवरून ‘झोपेची अर्धी गोळी’ आणू नका. अल्प्राझोलमसारखी गोळी दोन रात्री छान झोपवते, महिन्या-दोन महिन्यांत तिच्याशिवाय झोप येत नाही आणि अचानक बंद केली तर धडधड आधीपेक्षा वाढते. गॅसच्या म्हणून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत असलंच औषध मिसळलेलं असतं. पाकिटावरचं नाव वाचून डॉक्टरांना विचारा. बीपीच्या गोळीला लोक सवय लागते म्हणून घाबरतात आणि जिची खरोखर सवय लागते ती मात्र चिठ्ठीशिवाय घेतात. अंगदुखीची रोजची डायक्लोफिनॅकही बंद, ती बीपी आणि जळजळ दोन्ही वाढवते. अशक्तपणासाठी सलाइन लावून घेण्याबद्दल काय बोलू? बाटलीभर मीठ-साखरेचं पाणी, तेही बीपीवाल्याला.

मग कर्ज. ते माझ्या औषधाने फिटणार नाही, हे मान्य. पण कर्जाचा जो भाग अंगावर येतो त्यात धूसरपणाचा वाटा मोठा असतो. घरोघरी मी हेच ऐकतो, की पूर्ण आकडा एकट्या नवऱ्याला माहीत असतो आणि त्यालाही तो नक्की सांगता येत नाही. दोघांनी बसा, दुपारी, जेवणानंतर. रात्री तो विषय काढायचाच नाही असं ठरवून टाका. एका कागदावर सगळं उतरवा : सोसायटीचं पीककर्ज, बँकेचं, कृषी केंद्राची उधारी, सोनं गहाण असेल तर ते, तुमच्या गटाचा हप्ता, साल्या-मेव्हण्याचे हातउसने. प्रत्येकापुढे रक्कम, व्याज, तारीख. मग लक्षात येतं की या महिन्यात अंगावर येणारं यातलं एखाददुसरंच आहे. कुठे फक्त जाऊन बोलायचं आहे, कुठे ३१ मार्चच्या आत नवं-जुनं, म्हणजे जुनं भरून नवं कर्ज, करायचं आहे, कुठे खरंच पैसा उभा करायचा आहे, ते वेगळं काढा. बँकेत जायचं टाळल्याने नोटीस थांबत नाही, व्याजाची सवलत मात्र जाते. परवाना नसलेल्या सावकाराचा तगादा असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते, गहाण लिहून घेतलेल्या जमिनीचीही. पोरीला या कागदातलं थोडं कळलं तरी बिघडत नाही. बारावीच्या मुलीला घरातल्या आकड्यांपेक्षा बापाचा ओरडा जास्त लागतो.

एक शेवटचं, आणि ते तुम्ही एकांतात विचारायचं. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, रिकामं वाटलं का? आधी ज्यात जीव रमायचा, बैलपोळा, भजन, लेकरं, त्यात आता काहीच वाटत नाही का? दोन्हीपैकी एकालाही ‘हो’ आलं तर हे रोजच्या ताणाच्या पलीकडे गेलं आहे. पहाटे फार लवकर जाग येणं हेही नैराश्याचं ओळखीचं लक्षण आहे. तेव्हा तिसरं सरळ विचारा : ‘जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येते का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलतो. उत्तर काहीही येवो, कीटकनाशकं घरात किंवा गोठ्यात उघड्यावर ठेवू नका. कुलपाच्या पेटीत, चावी दुसऱ्याकडे. तो विचार बऱ्याचदा थोडा वेळ टिकणारा असतो, त्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. उत्तर ‘हो’ असेल तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

१४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहेत. आशाताईंना सांगितलं तर त्याही वाट दाखवतात. अशा उपचारासाठी लोक पुढे येत नाहीत, असं म्हणतात. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला होता, गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या भरवशावर. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं, असं २०१७ मध्ये छापून आलं. दाराशी कुणी विचारायला आलं तर माणसं येतात.

नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या तर दोन ते चार आठवडे फरक दिसत नाही, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, बेचैनी थोडी वाढूही शकते. त्या काळात तुम्ही जवळ असा. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने त्या चालू ठेवायच्या असतात. बीपीच्या गोळीसारखं पंधरा दिवसांत यांचंही करू नका. आणि दोन्ही गोळ्यांची पाकिटं प्रत्येक खेपेला डॉक्टरांना दाखवत जा, काही औषधं एकमेकांत अडकतात.